सोबत कोण आहे?

गावाच्या अगदी टोकाच्या घरात राहणाऱ्या बाईंना सगळे टाकेबाई म्हणत. नवरा गेला, लेक लग्न होऊन लांब गेली, आणि घरात बोलायला उरले ते शिलाई मशीन आणि देव. मशीन निदान उत्तर तरी देतं, असं त्या हसून म्हणायच्या आणि लगेच जीभ चावून देवाची माफी मागायच्या.

गेली काही वर्षं त्यांच्या दोन्ही डोळ्यांपुढे धुकं साचत चाललं होतं. सरळ शिलाई बोटं आपली आपण सांभाळत. सुईत दोरा ओवणं मात्र हाताबाहेर गेलं होतं. शेजारची दूधवाली सकाळी दूध घालायला आली की चार-सहा सुया ओवून उशीत टोचून द्यायची. पांढऱ्या दोऱ्याच्या पुढे, काळ्या मधे, रंगीत मागे. पुढचं टाकेबाई चाचपून ओळखत.

"डोळ्यांचं काही करायला नको म्हणता ताई, आणि सुया मला ओवायला लावता."

"तू ओवलेली सुई बोटाला टोचत नाही गं."

"हो, माझ्या हातात जादूच आहे. घरच्यांना कुठे कळतंय!" असं म्हणत दूधवाली किटली उचलून पुढच्या घरी जायची. तिच्या चपलांचा आवाज विरला की घर पुन्हा गप्प.

मागच्या वर्षी टाकेबाई कोणाला न सांगता शहरातल्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं. मोतीबिंदू पिकलाय, काढून टाकू, पैसे पडणार नाहीत, म्हणाले. टाकेबाईंचा जीव भांड्यात पडला. मग खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग सोबतीचं माणूस घेऊन या. सही लागते, रात्री थांबावं लागतं, घरी न्यावं लागतं."

मागे रांगेत कोणाचा मुलगा होता, कोणाची सून. टाकेबाई बाजूला झाल्या. देव असतोच सोबत, पण खिडकीवर त्याची सही चालत नाही. लेकीला कळवलं असतं तर तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू, तिची नोकरी, आणि शेवटी नेहमीचंच, "आई, ते घर विक आणि इकडे ये." म्हणून त्यांनी लेकीला आणि गावालाही एकच सांगून टाकलं. वयाचं आहे, काही करायला नको.

एका दुपारी आरोग्य केंद्रातली पाहणीवाली दारात आली. अंगात पांढरा कोट, खांद्याला पिशवी. या बाजूच्या गावांतून दवाखान्यात फारसं कोणी येत नव्हतं. माणसं आजारीच पडत नाहीत की आजारी पडूनही येत नाहीत, हे शोधायला तिला घरोघरी पाठवलं होतं. खुर्चीवरची सुयांची उशी उचलून तिने मशीनवर ठेवली आणि बसत म्हणाली, "मावशी, पाणी द्याल का? तुमच्या गावात सगळे धडधाकट आहेत. ज्याला विचारावं तो 'काही नाही' म्हणतो. एक आजोबा तर खोकत खोकतच 'काही नाही' म्हणाले."

टाकेबाईंना हसू आलं. खूप दिवसांनी कोणीतरी त्यांच्या घरात बसून बोलत होतं.

"गेल्या वर्षभरात दवाखान्याची गरज होती, पण गेलं नाही किंवा उपचार झाले नाहीत, असं घरात कोणाचं झालंय?"

"घरात मी एकटी. माझं काही नाही."

पाहणीवालीने लिहून घेतलं. आता ही उठणार, हे टाकेबाईंच्या लक्षात आलं. पाण्याचं भांडं परत घेताना तिच्या कोटाचं लोंबतं बटण बोटांना लागलं, आणि त्यांनी तेच धरून ठेवलं. "थांब, हे लावून देते. असं लोंबतं घेऊन फिरू नये."

पुढच्या रांगेतली सुई घेऊन त्यांनी बटण लावलं, गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "घे. आता कोट फाटेल, पण बटण निघायचं नाही."

पाहणीवाली बटणाकडे बघत राहिली. बसताना तिने उशी उलटी ठेवली होती, मागच्या रंगीत सुया पुढे आल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र कोटावर लालभडक टाके पडले होते.

"मावशी, दोरा कोणता घेतलात?"

"पांढराच की."

"हा लाल आहे."

टाकेबाईंचा हात उशीवर गेला, सुया चाचपू लागला आणि मधेच थांबला. काय झालं ते त्यांना कळलं. आयुष्यभर शिवणावर पोट भरलेल्या बाईला याहून मोठी शरम ती कोणती!

पाहणीवालीने कागद मांडीवर पालथा घातला. "डोळे दाखवायला का गेला नाहीत? लांब पडतं? पैसे? भीती वाटते? विश्वास नाही?"

"यातलं काहीच नाही."

"मग?"

चोरी कबूल करावी तशा आवाजात टाकेबाई म्हणाल्या, "जाऊन आले गं. माझ्याबरोबर कोणी नव्हतं."

पाहणीवालीने कागद सुलटा करून वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "हे कारण आमच्या कागदावर नाहीच. मी खाली लिहिते."

"लिही. पण..." शब्द तोंडातून निसटलेच. "तू येशील का माझ्याबरोबर?"

"मावशी, उद्यापासून मला पुढची गावं आहेत. तुम्हाला खोटी आशा नाही लावणार."

ती गेली. लाल टाके तसेच घेऊन गेली, उसवू दिले नाहीत. टाकेबाई दारात उभ्या राहिल्या. ज्या नकाराला त्या वर्षभर भ्यायल्या होत्या, तो मिळाला होता. आणि तरी काही कोसळलं नव्हतं. देवाचं नाव घेऊन त्या तशाच भिंत धरत शेजारी गेल्या.

दूधवाली गोठा झाडत होती. दवाखान्याचं सगळं ऐकून तिने झाडू आपटला. "एवढे दिवस सुया ओवतेय ताई. मला काय आंधळी समजलात?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून! तोंडाला कुलूप लावून बसलात." ती फणकाऱ्याने गाईकडे वळली. परत वळली तेव्हा आवाज उतरला होता. "सकाळची धार काढून येईन. पण रात्रीचं नाही जमायचं. ही गाय दुसऱ्या कोणाला सडाला हात लावू देत नाही."

"सही करायला ये. दुसऱ्या दिवशी न्यायला ये. रात्र मी एकटी काढीन."

"आणि दवाखान्यातले नाही म्हणाले तर?"

"तर परत येऊ. दोघी येऊ."

दूधवालीने मान हलवली, पण रात्री थांबता येत नाही हे जिवाला लागलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. टाकेबाईंना ते दिसलं नाही. त्यांच्यापुढे ती रात्रच होती. डोळ्यांवर पट्टी, अनोळखी खाट, आणि पलीकडे कोणाचा तरी मुलगा आईला विचारत असेल, पाणी हवंय का. ते ऐकत पडून राहावं लागेल.

"चालेल गं," त्या म्हणाल्या. "एकच तर रात्र."