साठीची करवली

दुबईतल्या अल नहदाच्या थिएटरात त्या बाई माझ्या शेजारच्या सीटवर होत्या. साठीच्या आसपास, पांढरे केस, कपाळाला टिकली नाही, आणि हसणं असं की अख्खी रांग हलावी. चार मैत्रिणी आणि एकीच्या लग्नाचा गोंधळ, असा हिंदी विनोदी सिनेमा. पुढचा माणूस वळून "आंटी, प्लीज!" म्हणाला की त्या आणखी मोठ्यानं हसत. मांडीवरची जड पिशवी मात्र घट्ट धरलेली.

इंटरव्हलमध्ये मी म्हटलं, "खाली ठेवा ना ती."

"छे! लग्नातला करा आहे, जमिनीवर कसा ठेवू?" त्यांनी बर दुबईच्या बाजारातून घेतलेला चकचकीत तांब्या दाखवला. "पुण्याला माझ्या मैत्रिणीचं लग्न आहे. वय अठ्ठावन्न! करवली मी. करा घेऊन तिच्यामागे मीच उभी राहणार."

माझी नजर त्यांच्या कपाळावर गेली असावी.

"हो, विधवा आहे. भटजी नको म्हणाले, तर तिनं भटजीच बदलले. माझा मुलगा म्हणतो, मम्मा, पीपल विल लाफ! म्हटलं, हसू देत. लग्न आहे, कुणाचं तेरावं नाही."

सिनेमा पुन्हा सुरू झाला. बाई हसल्या, तो माणूस वळला. त्यानं तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "भाईसाब, शादी का पिक्चर है, तेरहवीं का नहीं!"

बाईंनी करा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. टाळ्या वाजवायला त्यांना दोन्ही हात हवे होते.