रॅमचा कागदी फर्मा

जामखेडच्या बाजारतळाजवळ मुबारकबीचं शिवणकामाचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक आलं आणि हात पसरून माप द्यायला उभं राहिलं, की मुबारकबी टेप गळ्यातच ठेवते आणि सांगते, "अंगात नीट बसतंय असं एखादं जुनं ब्लाउज घिऊन ये. टेप लावली की बाया पोट आत घेत्यात, मंग शिवल्यावर मला नावं ठिवत्यात." नव्या पोरी नाक मुरडतात, पण दुसऱ्या दिवशी पिशवीत जुनं ब्लाउज घालून येतात. त्या ब्लाउजवरून ती वर्तमानपत्राचा फर्मा कापते, त्यावर नाव घालते आणि भिंतीतल्या खिळ्याला अडकवून ठेवते. शेजारची झुंबरबाई म्हणते, की त्या खिळ्यांवर अर्धं जामखेड लटकलंय. कोण सुटलं नि कोण वाळलं हे बघायला ती अधूनमधून कागद चाळतेही, आणि मुबारकबी तिला हाकलते, पण चहा पाजून.

तिचा नवरा शमशेर टेम्पो चालवायचा. तो गेल्यानंतर घरात राहिल्या दोघीच, मुबारकबी आणि सुमैरा. शिवणावर तिनं मुलीला शिकवलं. सुमैरानं आयटीआयला बांधकामाचे नकाशे काढायचा कोर्स केला आणि कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप घेतला. कापडं बेतायच्या टेबलाच्या एका टोकाला मुबारकबीची कात्री चालायची आणि दुसऱ्या टोकाला सुमैराचा नकाशा. बाहेरून बघणाऱ्याला हे काही विशेष वाटलं नसतं. मुबारकबीला मात्र आयुष्यात याहून जास्त काही मागावंसं वाटत नव्हतं, आणि ही गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात सुमैराला पुण्याच्या एका ऑफिसातून मोठ्या इमारतीचा नकाशा दुरुस्तीला आला. सोमवारी सकाळी परत पाठवायचा होता. नकाशा उघडला, की लॅपटॉपवर ते गोल चक्र फिरत बसायचं. मुबारकबीची एक बाही जोडून व्हायची तरी चक्र आपलं फिरतंच.

"का गं अडतंय ते?"

"रॅम कमी पडतेय, अम्मी. एवढा मोठा नकाशा एकदम मांडायला त्याला आत जागाच नाही."

"मंग जागा वाढव."

"ऑनलाइन मागवली तर सोमवारपर्यंत इथं येत नाही. आणि नगरला जायचं म्हटलं तर दिवस मोडतो."

मुबारकबीच्या मनात तेवढ्यात सगळं बेतून झालं होतं. पुण्याचं काम जामखेडात बसून होतंय, पोरगी घरात, लॅपटॉप घरात. रॅम बसवली की असली कामं येत राहतील आणि टेबलाचं ते टोक कधी रिकामं होणार नाही.

शुक्रवारी सुमैरानं शिलाई मशिनचा पेचकस घेऊन लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं. आतली रॅम म्हणजे बोटभर लांबीची हिरवी पट्टी. एका कडेला पिवळे दात आणि त्या दातांमध्ये एक खाच. सुमैरानं दात खोडरबरानं घासले, पट्टी टेबलावर ठेवली आणि हात धुवायला मागं गेली. तेवढ्यात मुबारकबीनं वर्तमानपत्राचा तुकडा ओढला, पट्टी त्यावर ठेवली आणि पेन्सिल फिरवली. खाच तर तिनं गळ्याच्या आकारासारखी जपून काढली. सुमैरा परत आली तेव्हा फर्मा कापून ब्लाउजच्या आत गेला होता आणि मुबारकबी काजं करत बसली होती.

शनिवारी तिनं "अस्तराचं कापड आनाया नगरला जाते" असं सांगितलं आणि सकाळची गाडी धरली. माळीवाडा स्टँडजवळ हर्षल नावाच्या पोराचं कॉम्प्युटरचं दुकान होतं.

"मावशी, लॅपटॉप कोणता आहे?"

"काळा."

हर्षल हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मग तिनं ब्लाउजमधून फर्मा काढून काउंटरवर ठेवला, तेव्हा मात्र त्याला हसू आवरलं नाही. कागदावरून रॅम न्यायला आलेलं गिऱ्हाईक त्यानं कधी बघितलं नव्हतं. तरी त्यानं दोन-तीन पट्ट्या काढून त्या कागदावर ठेवून बघितल्या. नव्या पिढीच्या पट्टीची खाच कागदाशी जुळेना. जुन्या पिढीची तंतोतंत जुळली.

"माप लई करेक्ट घेतलंय तुम्ही. पण मावशी, मूळ पट्टी आणली असती तर बरं झालं असतं."

"ती काढली तर पोरीला कळंल. आन फर्मा बरोबर हाय न्हवं?"

फर्मा बरोबर होता. हर्षलनं तेवढ्याच आकाराची, दुप्पट जागेची पट्टी चंदेरी पाकिटात घालून दिली. येताना कडा गावापर्यंत गाडीत उभं राहावं लागलं, तरी मुबारकबी आपली गालात हसत होती.

सुमैरानं पाकीट बघितलं, आईकडं बघितलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. पट्टी खाचेत टक्कन बसली. झाकण लावून तिनं बटण दाबलं. पंखा क्षणभर घुरघुरला आणि बंद पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. जुनी पट्टी घातली तर लॅपटॉप गुमान चालू झाला.

सुमैरानं पाकिटावरच्या नंबरवर हर्षलला फोन लावला. त्यानं जुन्या पट्टीवरचं बारीक लेबल वाचायला सांगितलं आणि तिकडं कपाळावर हात मारून घेतला. ती पट्टी कमी व्होल्टेजवर चालणारी होती, दिलेली जास्त व्होल्टेजची. आकार तोच, खाचही तीच. "चूक माझी आहे ताई, मी विचारायला हवं होतं. रविवारीही दुकान उघडं असतं. जुनी पट्टीच पाठवा, जुळवून बदलून देतो."

मुबारकबी मटकन स्टुलावर बसली. फर्म्यावरून कापड सुती की टेरिकॉट हे कळत नाही, ही तर तिच्याच धंद्यातली गोष्ट. शिकाऊ पोरींना ती हेच सांगत आली होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हे काम गेलं तर दुसरं यील."

तेव्हा सुमैराला रडू फुटलं. "अम्मी, हे नुसतं काम नाही. ही परीक्षा आहे. नकाशा पसंत पडला तर ते मला नोकरीला घेणार आहेत, पुण्यात. तिथं राहायला लागंल."

"आन मला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू लगेच जा म्हणाली असतीस. तोंडानं जा म्हणताना तुझं काय होतंय, ते मला बघवलं नसतं."

मुबारकबीनं तिचे डोळे पुसले. खरं सांगायचं तर आपली रॅम चुकली याचं तिला त्या वेळी बरंच वाटलं. लॅपटॉप असाच अडून राहिला, तर पोरगी कुठं जात नाही. या विचाराची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो विचार काही उठून गेला नाही.

रविवारी सकाळी सुमैरा उठली तेव्हा आई बुरखा घालून तयार होती. "काढ ती पट्टी. फर्मा नगं आता, मापाचं ब्लाउजच घिऊन जाते."

तिनं पट्टी गुंडाळायला टेरिकॉटची चिंधी पुढं केली. सुमैरा म्हणाली, "त्यात नको, त्याच्या ठिणगीनं खराब होईल." टेरिकॉट अंगाला कसं चटचटतं ते मुबारकबीला ठाऊक होतं. जुनी आणि चुकलेली, दोन्ही पट्ट्या चंदेरी पाकिटात गेल्या आणि पाकीट तिच्या मुठीत. रॅम काढल्यामुळं लॅपटॉप आता दिवसभर मुका राहणार होता. सुमैरा कोऱ्या कागदावर नकाशाच्या दुरुस्त्या मांडत बसली.

गाडीत मुबारकबीला खिडकीची जागा मिळाली. मुठीतलं पाकीट इतकं हलकं होतं की आहे की नाही ते चाचपून बघावं लागे. गर्दीत पडलं म्हणून सांगितलं असतं, तर कुणी काही म्हणालं नसतं. पोरगीही उलट आईचीच समजूत घालत बसली असती, आणि हेच तिला सोसलं नाही. नगर येईपर्यंत तिनं मूठ उघडली नाही. हर्षलनं पाकीट मागितलं तेव्हा बोटं सरळ करायला तिला वेळ लागला.

या वेळी त्यानं दोन्ही लेबलं शेजारी धरून वाचली, दुकानातल्याच एका लॅपटॉपवर पट्टी चालवून दाखवली आणि मगच दिली. दुपार कलताना ती जामखेडात होती. सुमैरानं पट्टी बसवली, बटण दाबलं. नकाशा उघडायला घातला. चक्र थोडंसं फिरलं आणि सगळी इमारत मजल्या-जिन्यांसकट पडद्यावर आली. सुमैरा कागदावरच्या दुरुस्त्या भराभर उतरवू लागली. मुबारकबीनं तिच्या शेजारी चहा ठेवला आणि आपल्या टोकाला येऊन कात्री हातात घेतली, पण कापडाला काही लावली नाही.

नकाशा वेळेत गेला, पसंतही पडला. निघायच्या दिवशी जामखेडच्या स्टँडवर सुमैरा पुण्याच्या गाडीत खिडकीशी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, आईनं शिवलेल्या गोधडीच्या कापडाच्या खोळीत. मुबारकबी खाली उभी.

"अम्मी, एक विचारू? ती पट्टी चालली नाही, तेव्हा तू गप बसली असतीस तर मी इथंच राहिले असते. मग दुसऱ्यांदा का गेलीस?"

मुबारकबीनं जरा इकडंतिकडं बघितलं.

"पयल्यांदा गेल्ते ती तू घरात ऱ्हावीस म्हनून."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तू जावीस म्हनून."

मुबारकबीनं खिडकीतून हात आत घातला आणि सुमैराची खांद्यावरून घसरलेली ओढणी सारखी केली. एकदा केली, पुन्हा केली. गाडी सुरू झाली तरी तो हात आतच होता, आणि कंडक्टर मागून ओरडला, "ओ मावशी, हात काढा, गाडी निघाली."