मिरचीवाल्या मावशीचा संशय

गोळ्यांची बाटली हातात पडली की मावशी पहिल्यांदा नखाने तिच्यावरचा कागद खरवडून काढायची. मग कापसाचा बोळा काढून बाटलीत कोंबायची, म्हणजे गाडीत गोळ्या वाजणार नाहीत. मी एकदा म्हटलं, "मावशी, वाजल्या तर कुणाला काय कळतंय?" ती म्हणाली, "कळत न्हाई, पर इचारतेत. एकदा इचारलं की खोटं बोलावं लागतंय. आन इचारनारी बाई माझ्याच गल्लीतली निघती."

एचआयव्ही असलेल्यांना गोळ्या मिळतात, त्या नांदेडच्या एका सेंटरवर मी काम करते. नव्या माणसाला धीर द्यायचा, गोळ्या चुकवणाऱ्याला रागवायचं, कुणाला कुठल्या तपासणीला पाठवायचं ते बघायचं. मीही त्याच गोळ्या खाते, म्हणूनच मला हे काम मिळालं. मावशी धर्माबादहून यायची. तिकडे मिरचीच्या बाजारात ती देठ मोडायला जायची, त्यामुळे ती खोलीत शिरली की आधी दोघा-तिघांना शिंका यायच्या. नाव पुकारलं तरी ती लगेच उठायची नाही. कोण कोण मान वळवून बघतंय ते आधी बघून घ्यायची.

नव्या डॉक्टरला ती स्वतःचं दुखणं सांगण्याआधी त्यांचं गाव विचारायची. एक डॉक्टर उमरीचे निघाले. मावशीच्या जावेचं माहेर उमरी. झालं, दोन महिने त्यांच्यासमोर तिने तोंडावरचा पदर बाजूला केला नाही. माझ्यावर तर तिचा कायमचा डोळा. "तू लई गोड बोलतीस," ती म्हणायची, "गोड बोलनाऱ्याला कायतरी घाई असती." मला याचा भयंकर राग यायचा, कारण ते खरं होतं. महिन्याला किती बायका तपासणीला पाठवल्या, हे मला वर सांगावं लागायचं.

ती तपासणी म्हणजे पिशवीच्या तोंडाची, गर्भाशयमुखाची. एचपीव्ही नावाचा एक विषाणू असतो. तो बहुतेक बायकांच्या अंगात कधी ना कधी येतो आणि आपोआप निघूनही जातो. आमच्यासारख्यांच्या अंगातून तो सहजी जात नाही. मुक्काम ठोकतो आणि कुठलाही त्रास न देता पिशवीच्या तोंडाशी कॅन्सरची तयारी करत बसतो. वेळेवर बघितलं तर ती तयारी मोडता येते. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी ते रोज दहा बायकांना सांगायची आणि शेवटी म्हणायची, "बोळ्याने औषध लावून बघतात. दोन मिनिटांचं काम आहे, काही दुखत नाही."

मावशीने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "फुकट हाय आन आमालाच हाय, म्हंजे कायतरी हाय." मग तिने शंका एकेक करून बाहेर काढल्या. तपासणीची खोली बोळीच्या टोकाला का? तपासणीच्या दिवशी, गुरुवारी, फक्त आपल्याच बायका त्या दारापुढं उभ्या दिसल्या, तर शिपायालाही कळणार नाही का, ह्या कोण ते? आणि कॅन्सरचं नाव काढून नंतर पिशवीच काढून टाकली तर? आमच्या भागात ही शेवटची भीती हवेतली नाही. तिशीच्या आत पिशव्या गमावून बसलेल्या बायका गावोगाव भेटतात. मी तिला समजावायला गेले, "मावशी, तुम्हीच सांगता ना, मिरची वरून लाल दिसते, फोडल्यावर आत बुरशी निघते? तसंच हे." तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. "मी काय मिरची हाय का?" ती म्हणाली.

दरवेळी हेच. मी विषय काढायचा, तिने मोडायचा. एका गुरुवारी मात्र तिने वेगळाच प्रश्न टाकला.

"तू कवा केली?"

"गेल्या वर्षी," मी म्हटलं.

"मंग सांग. पाय कशावर ठिवायला लावतेत? ते औषध लावल्यावर गार लागतंय का चुरचुरतंय?"

मी म्हटलं, "गार लागतं." मग म्हटलं, "थोडं चुरचुरतंही." मग, "आता आठवत नाही नीट."

"तू न्हाई केली," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. "रोज लोकायला पाठवून राहिलीस आन सोता भिऊन राहिलीस."

मी खरंच भीत होते. एका आजाराचा कागद हातात घेतला तेव्हा माझं निम्मं आयुष्य उलटंपालटं झालं होतं. दुसरा कागद घ्यायची माझ्यात हिंमत नव्हती. जोवर बघत नाही तोवर काही नाही, असा हिशोब मी चार वर्षं मांडून ठेवला होता आणि तो कुणाला सापडला नव्हता. मला तिचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"चल," ती म्हणाली. "आधी तू झोप टेबलावर. मंग मी."

पडद्याच्या बाहेर ती स्टुलावर बसली. आत सिस्टरने बत्ती लावली, बोळ्याने औषध लावलं. गारही लागलं आणि चुरचुरलंही. मग सिस्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. एरवी ती बोलत बोलत काम करायची. त्या दिवशी गप्प होती. बाहेरून मावशीचा आवाज आला, "सिस्टर, का बोलंना झालात?"

पिशवीच्या तोंडावर एक पांढरा डाग उमटला होता. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघून त्याचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. कागद यायला पंधरा दिवस लागले. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कॅन्सर नव्हता, पण त्याच्या वाटेवरचा मुक्काम होता. एका यंत्राच्या तापलेल्या टोकाने डाग जाळून टाकायचा ठरला. त्या दिवशी मावशी धर्माबादहून पहिल्या गाडीने आली. मजुरी बुडवून आली होती, हे तिने सांगितलं नाही. हातांना मिरचीचा वास नव्हता त्यावरून मला कळलं. डॉक्टरीणबाईंना ती म्हणाली, "पिशवी काढनार न्हाईत ना? तसं लिव्हून द्या." मला शरमेने मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंनी मात्र हसत खरोखरच कागदावर लिहून दिलं. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद शेजारच्या एका मुलीकडून वाचून घेतला आणि मगच मला आत जाऊ दिलं.

मी बरी झाल्यावर तिला आठवण करून दिली, "आता तुमची पाळी." ती उठली. आतून सिस्टरने मला हाक मारली, मावशीला विचारून.

"हिची पिशवी कधीच काढलेली आहे. तोंडासकट," सिस्टर म्हणाली. तरीही तिने आत सगळीकडे नीट बघून घेतलं आणि सांगितलं, "पिशवी कशासाठी काढली त्याचा जुना कागद असेल तर आणा. आधीच काही निघालं असेल, तर पुढेही बघत राहावं लागतं."

"कागद कुठला," मावशी टेबलावरूनच म्हणाली. "अठ्ठावीस वर्षाची होते. अंगावरून पांढरं जातंय म्हनून डाक्टरकडं गेले. तो म्हनला, कॅन्सर होईल. आठ दिवसात काढून टाकली. मला ह्यो रोग हाय ते तवा त्यालाबी माहीत न्हवतं, मलाबी न्हाई."

इतकी वर्षं मी तिला ज्या भीतीबद्दल समजावत होते, ती तिने कधीच भोगून संपवली होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मावशी, मग मला का झोपवलंत? तुम्हाला तर पिशवीच नव्हती."

ती पदराने हात पुसत होती. "तू खोटं बोलत होतीस," ती म्हणाली. "मी बी लई खोटं बोलते, म्हनून वळखू येतंय. भ्यालेली बाई येकटी जात न्हाई. तिच्यासंगं कुनीतरी जावं लागतंय."

पुढच्या वर्षी तिने गोळ्यांचं सेंटर बदलून घेतलं. लेकीकडे निजामाबादला राहायला गेली. मी फोन नंबर मागितला, तर म्हणाली, "नको. तुझा फोन हिथं टेबलावर पडलेला असतोय, कुनीबी उचलतंय." मी रागावले, मग रडले, तरी तिने नंबर दिला नाही. गाडीची वेळ झाली म्हणून उठली आणि बोळीत मागे वळून कोण बघतंय ते बघून निघून गेली.

परवा माझी पुन्हा तपासणी झाली. सिस्टरने औषध लावलं, थांबली, बघितलं आणि म्हणाली, "काही नाही. एकदम साफ." आनंदाने उठून बसायला हवं होतं. पडद्याकडे बघितलं, बाहेरच्या स्टुलावर कुणी नव्हतं. मी तशीच पडून राहिले आणि म्हटलं, "सिस्टर, अजून एकदा बघा."