कांताचं मौन

कांता आधी हात लपवते आणि मग बोलते. निपाणीत तिची खोली माझ्या खोलीला लागून आहे, मध्ये एक भिंत. बावीस वर्षं ती तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसते. ती बारीक भुकटी बोटांच्या पेरांत शिरते आणि लिंबू चोळा, राख चोळा, हलत नाही. त्यात कांता जैन, बोरगावची सून. पाणी गाळून पिणारी, सूर्य मावळायच्या आत जेवणारी. आमच्याकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात. तिथं ती मागच्या खांबाजवळ उभी राहते, पुढच्या बाईला वास यायला नको म्हणून.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. एकच लेक, सौम्या. यंदा ती बारावीला वर्गात पहिली आली, आणि बेळगावच्या एका जैन संस्थेच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जायचं म्हणाली. समाजाच्या मुलींना तिथं हॉस्टेल मिळतं. ते मिळालं नाही तर सौम्यानं आईशेजारी दुसरी चाळणी धरायची, हे वखारीच्या मुकादमानं आधीच ठरवून ठेवलं होतं. "पोरगीचा हात बारीक हाय, चांगली चाळंल," असं तो म्हणाला, त्या रात्री कांता जेवली नाही.

मार्कलिस्ट आली, टी.सी. आली, नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून, अल्पसंख्याकाचा दाखला आला. बस्तीत पूजा करणारे उपाध्ये पार्श्वनाथ यांनी कुटुंब धर्म पाळणारं असल्याचं पत्र दिलं. अडलं ते फॉर्मच्या आठव्या कलमावर. पालक दारू, तंबाखू अशा व्यसनाच्या वस्तूंच्या धंद्यात नाहीत, असं त्यात जाहीर करायचं होतं. आणि तळाशी ठळक अक्षरात, माहिती खोटी निघाल्यास प्रवेश रद्द.

बोरगावात नवऱ्याच्या वाटणीची अर्धा एकर जमीन दीर कसतो, कांताच्या हाती त्यातलं काही येत नाही. सौम्यानं आईला न विचारता व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहिलं, सही केली आणि फॉर्म पाठवून दिला. कांताला कळलं तेव्हा ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. मुलाखतीला पालकालाही बोलावणार होते.

मी आयुष्यभर गावोगावच्या जत्रांतल्या नाटकांत कामं केली. पाठांतर करून घेणं मला येतं. मी तिला एक वाक्य दिलं: आमची बोरगावला शेती हाय. बस्स, एवढंच. ती ते भिंतीपलीकडे पुटपुटायची. समोर उभी राहिली की पदर पिळायची आणि 'शेती'पाशी आवाज बसायचा. पडदा उघडायच्या आधी थरथरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण घंटा झाली की त्यांची भीती जाते. कांताची भीती तशी नव्हती. ती भाकरी थापताना असायची, नळावर रांगेत असायची.

मुलाखतीचा निरोप मोबाईलवर आला, सोमवार, अकरा वाजता. कांतानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. सोमवारी चतुर्दशी होती.

चार वर्षांपूर्वी चातुर्मासात गावी मुनिमहाराज आले होते. त्यांच्यासमोर प्रत्येकानं काही ना काही नियम घेतला. कुणी गोड सोडलं, कुणी कांदा. कांताकडे सोडण्यासारखं फार नव्हतं, म्हणून तिनं नियम घेतला की अष्टमी आणि चतुर्दशीला खोटं बोलणार नाही, जन्मभर. वाक्य पाठ करताना मुलाखत नेमकी त्या तिथीला येईल हे आम्हा तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं.

मी म्हटलं, बोलू नकोस, नुसती मान हलव.

"मान हालवली तरी खोटंच की वं, आक्का," ती म्हणाली.

मग सौम्यालाच सुचलं. आईनं त्या दिवशी मौन धरायचं. धर्मात मौनाला मान आहे, कुणी नाव ठेवणार नाही. पण मौनाचं सोंग घेतलं तर तेही खोटंच, म्हणून कांता सोमवारी पहाटे बस्तीत गेली आणि मूर्तीसमोर हात जोडून सूर्यास्तापर्यंत खरंच मौन घेऊन आली. बेळगावच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून होती; संकेश्वर गेलं, यमकनमर्डी गेली. मी तिच्या शेजारी बसले होते.

कॉलेजात रांग मोठी होती, आमचा नंबर तीन वाजता लागला. मला बाहेर बाकावर बसवलं. दार अर्धं उघडं होतं. टेबलापलीकडे संस्थेतले तिघं, मधे त्यांचे प्रमुख जिनगोंडा अण्णा, पांढरी टोपी, ऐंशीच्या घरातले. सौम्याला त्यांनी णमोकार मंत्र म्हणायला लावला, हॉस्टेलात बटाटा मिळणार नाही हे सांगितलं, मग आईकडे वळले. सौम्यानं मौनाचं सांगितलं. अण्णा खूश झाले. आजकाल चतुर्दशी कोण पाळतंय, असं शेजारच्याला म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

आणि त्यांनी कोरा कागद आणि पेन कांतापुढे सरकवलं.

"लिव्हायला हरकत न्हाय, बाई. घर कशावर चालतंय तेवढं लिव्हा."

कांतानं हात पदराखालून काढले. मला दारातून तिची पाठ दिसत होती. तिनं वेळ लावून दोन शब्द लिहिले. कागद वाचून अण्णांनी फॉर्म उघडला, आठव्या कलमावर बोट ठेवलं आणि दोघींना बाहेर बसायला सांगितलं.

तो पाऊण तास मला अजून आठवतो. आत तिघांचं कानडीत बोलणं चाललं होतं, आवाज चढत होते, 'रद्द' हा एकच शब्द मला ओळखू आला. सौम्या रडत होती. आईनं तिला जवळ घ्यायला हात उचलला आणि स्वतःच्या बोटांकडे बघून परत खाली ठेवला.

आत बोलावलं तेव्हा अण्णांनी फक्त सौम्याला विचारलं की फॉर्म कुणी भरला. ती म्हणाली, मी.

"मग खोटं तुझं, आईचं न्हवं. त्ये कलम वखारीच्या मालकास्नी हाय, चाळणाऱ्या बायकांस्नी न्हाय. आधी इचारायचं होतंस." मग कारकुनाकडे वळून म्हणाले, "दुसरा फॉर्म दे हिला. आजच्या आज भरायचा. पुन्हा असलं काय घावलं तर मीच नाव काढीन."

नव्या फॉर्मला नवे फोटो लागत होते. रिक्षानं खडेबाजारात जाऊन फोटो काढून येईपर्यंत ऑफिस बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. व्यवसायाचा रकाना सौम्यानं आईपुढे धरला. कांतानं तो स्वतः भरला, तेच दोन शब्द: वखारीत चाळणी. कारकुनानं शिक्का मारून पावती दिली.

परतीच्या बसमध्ये सौम्या झोपली. कांता तिकिटाबरोबर ठेवलेली पावती काढून बघायची, घडी करायची, पुन्हा काढायची. नाव काढीन, हे अण्णांचं शेवटचं वाक्य तिच्या डोळ्यांत तसंच होतं, आणि ती बोलू शकत नव्हती. निपाणीचा स्टँड आला तेव्हा सूर्य टेकलाच होता. तो पूर्ण जाईपर्यंत ती फाटकाशी थांबली, मग खाकरली.

"आक्का," ती म्हणाली, "पोरगी चाळणीवर येणार न्हाय म्हणून मुकादमाला आत्ताच सांगून येऊ या का? उद्यापातूर मला धीर ऱ्हायचा न्हाय."

आणि हात पदराखाली न घेताच ती वखारीच्या रस्त्याला लागली.