हरवलेल्या बाबांची जाहिरात

वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात सगळे त्याला फूटपट्टी म्हणायचे. चार ओळी जास्त कोंबायला निघालेल्या गिऱ्हाइकाला तो तोंडावर सुनवायचा, "सगळ्यांनीच आरडाओरडा केला, तर ऐकायचं कुणाचं? मोकळी जागा सोडा जरा." लोक कुरकुरायचे, पण भरगच्च पानातही त्याच्याच हातची जाहिरात आधी दिसायची.

आणि एके सकाळी त्याचेच बाबा घरातून निघून गेले. विसराळूपणा इतका वाढलेला, की आरशातला म्हातारा कोण, हेही त्यांना कळत नसे. गल्ल्या, बसथांबे, दवाखाने, सगळं पालथं घालून झालं. शेवटी जाहिरात द्यायचं ठरलं.

ताई त्याच्या खुर्चीमागे उभी होती. "उंची लिही. निळा सदरा लिही. गालावरचा भाजल्याचा डाग लिही."

"एवढं कोण वाचतंय, ताई? आधी नजर चेहऱ्यावर, तिथून थेट फोन नंबरवर. मध्ये काही आडवं यायला नको."

"अरे, पण डाग तरी..."

"माझं काम मला करू दे ना गं!"

वर ठळक 'हरवले आहेत', खाली बाबांचा हसरा फोटो, मग नंबर. बाकी सगळं कोरं. फोटोतला डाग छपाईत शाई सांडल्यासारखा दिसला असता, नजर तिथंच अडकली असती. म्हणून त्याने तो पुसला. आता काय म्हणावं या माणसाला! गिऱ्हाइकांचे मुरूम नि सुरकुत्या पुसून पुसून सवयीचा झालेला हात. बापाच्या गालावरूनही तसाच फिरला.

जाहिरात गावभर झाली. फोन थांबेनात, पण बाबा काही मिळेनात. मिळाले ते शवागारात. गावाबाहेरच्या बसस्थानकावर थंडीने गारठून गेले होते.

तो त्या स्थानकावर गेला. चहावाल्या मावशींनी ती जाहिरात कापून दुकानात चिकटवली होती.

"हे माझे वडील," तो म्हणाला. "इथं गेले ते."

मावशी चक्रावल्या. "ते आजोबा? अहो, त्यांच्या गालावर तर हा एवढा डाग होता! यात कुठाय?"

"मी पुसला. फोटो चांगला दिसावा म्हणून."

मावशींनी कात्रणावर बोट ठेवलं. "देवा रे! अहो, मी त्यांनाच दाखवला होता हा फोटो. म्हटलं, आजोबा, तुम्ही दिवसभर इथंच असता, हे गृहस्थ दिसले तर सांगा हं."

"मग?"

"कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणाले, घरचे किती काळजीत असतील हो याच्या. तेव्हापासून येईल त्या बसपाशी धावायचे, उतरणाऱ्यांचे चेहरे न्याहाळायचे." मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "इतकी थंडी, मी आत बोलवायची. पण ऐकतील तर ना! म्हणायचे, मी आत आलो आणि तेवढ्यात तो येऊन गेला तर?"