आधी त्यांना सांगा

आमच्या हिशेब खात्यातल्या शिंदेबाईंनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले, ते मला अजून दिसतं. मार्च संपत आला होता. आमच्या कारखान्यातला एक विभाग बंद होणार होता आणि चाळीस कामगारांच्या भरपाईचा खर्च याच वर्षाच्या हिशेबात हवा, असं मॅनेजरसाहेब सांगत होते. कामगारांना मात्र अजून काहीच ठाऊक नव्हतं.

"साहेब, ज्यांची नोकरी जाणार, त्यांना आधी सांगावं लागतं. त्याशिवाय हा खर्च लिहिता येत नाही. नियम आहे तसा."

"त्यांना एप्रिलमध्ये सांगू."

"मग खर्चही एप्रिलमध्ये लिहू."

साहेब चिडून निघून गेले. एरवी साहेबांच्या हाकेलाही दचकणाऱ्या बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर पुन्हा टाइप करू लागल्या. हिशेबाचे नियम मला तोवर कोरडे वाटत. माणसाच्या पाठीमागे त्याचं नशीब वहीत चढू नये, एवढी माणुसकी त्यांत होती, आणि ती राखायला ही घाबरट बाई पुढे झाली होती.

दुसऱ्या दिवशी, मार्च संपायच्या आत, साहेबांनी कामगारांना बोलावून सगळं सांगितलं. काहीजण भांडले, काहीजण रडले. एक वयस्कर फिटर साहेबांजवळ आला. मग म्हणाला, "आज कळलं ते बरं झालं. उद्या घराच्या कर्जाच्या कागदांवर सही करणार होतो."