पोस्टरवरचा नकाशा

भिवंडीजवळच्या दिघाशी गावामागे टेकडीवर एक ओढा आहे. त्यात जांभळ्या नांग्यांचे खेकडे होते. टेकडीपलीकडच्या ओढ्यात तसेच खेकडे, पण नांग्या पिवळ्या. एकाच जातीचे हे दोन गट वेगळे कसे होत गेले, हा माझ्या पीएचडीचा विषय. पहिला ओढा मला दाखवला तो तिथल्या आदिवासी पाड्यावरच्या एका काकांनी. वडप्याच्या गोदामात हमाली करून ते सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर टेकडी चढायचे.

दुसऱ्या वर्षी बंगळुरूच्या उत्क्रांतीशास्त्र परिषदेसाठी माझं संशोधनाचं पोस्टर निवडलं गेलं. छापायला देण्याआधी गाईड मॅडम म्हणाल्या, "कोपऱ्यातला तो ओढ्यांचा नकाशा काढून टाक. जागा इतकी नेमकी दाखवायची नसते. असे रंगीत खेकडे पकडून विकणारेही नकाशे वाचतात."

मी हो म्हटलं आणि नकाशा तसाच ठेवला. भिवंडीत लूमच्या खडखडाटात अभ्यास केलेली मुलगी मी. दिघाशीचं नाव त्या हॉलच्या भिंतीवर लागावं, एवढीच हौस होती.

पहिल्या दिवशी दुपारी एक गृहस्थ पोस्टरपाशी आले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. जनुकांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"हे पाण्याबाहेर किती दिवस जगतात?"

"ओलसर ठेवले तर बरेच दिवस," मी सांगितलं.

"वरपर्यंत गाडी जाते?"

"पाड्यापर्यंत जाते. पुढे चालत."

त्यांनी मोबाईल काढून दोन फोटो घेतले. एक माझा, पोस्टरशेजारी उभी असतानाचा. दुसरा फक्त खालच्या कोपऱ्याचा. तिथे नकाशा होता. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, त्यांच्या गळ्यात परिषदेचं कार्डच नव्हतं. नोंदणीच्या टेबलावर जाऊन वर्णन सांगितलं. तिथल्या मुलीने मान हलवली. असं कुणी आलेलंच तिला आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, व्याख्यान चालू असताना काकांचा फोन आला. मी वाकून बाहेर पळाले.

"पोरी, तुजी मानसं आलीत. चार जन हायत. बादल्या घेऊन वर गेलं."

"काका, माझी कुणी माणसं नाहीत."

ते हळू आवाजात म्हणाले, "तुजा फोटू दाखवला त्यांनी मोबाईलमदी. म्हून मीच वाट दाखवली."

मी वनखात्यात फोन केला. बघतो, म्हणाले. मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "नमुने किती आहेत आपल्याकडे?" एवढंच त्यांनी विचारलं. ओढ्यात आता काही उरणार नाही, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

बंगळुरूहून परतल्यावर घरी न जाता हायवेवरच्या पडघ्याला बसमधून उतरले आणि रिक्षा करून पाडा गाठला. वरचा ओढा उलथापालथा झाला होता. दगडांच्या ओल्या, काळ्या बाजू वर आल्या होत्या. खालपर्यंत शोधलं. तुटलेली एक नांगी सापडली, बाकी काही नाही. पाण्याचा आवाज तेवढा नेहमीसारखा होता.

काका खाली दारातच बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते.

"चूक तुमची नाही," मी म्हटलं. "नकाशा मी लावला होता. मॅडमनी नको म्हटलं होतं, तरी लावला."

मग म्हणाले, "जाताना त्यांनी आनखी एक इचारलं. पलीकडं बी वढा हाय का, म्हून."

"तुम्ही काय सांगितलं?"

"हाय म्हनलं. मला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघं पलीकडे गेलो. पिवळ्या नांग्यांचे खेकडे अजून जागेवर होते. काका मोठ्याने हसले, मला मात्र हसू आलं नाही. त्यालाही आता चार महिने झाले. प्रबंधात कुठल्याच जागेचं नाव नाही. दर रविवारी मी पलीकडच्या ओढ्यावर जाते, आणि टेकडीच्या पायथ्याशी स्कूटर लावताना आधी मातीत टायरच्या खुणा शोधते. गेल्या रविवारी होत्या. वर सगळं ठीक होतं. गाडी कुणाची होती, ते पाड्यावर कुणालाच माहीत नाही.